मयताच्या चौकटीतलं सरकारी निवेदन

मी ट्रेडल बोलतेय, जळगावच्या एका छापखान्यातली पायानं चालणारी म्हातारी मशीन. ऐकायचं तर ऐक, पण यातला एक शब्द जरी खरा मानलास ना, तर तुला मानलं! लोखंड कधी बोलतं का, असं म्हणशील. म्हण बापा. तुझ्यासारखे शहाणे मी खूप पाहिले, आणि त्यातल्या निम्म्यांच्या पांढऱ्या शर्टाला शाई लावून घरी पाठवलं.

जन्म माझा तिकडे अमृतसरला. बासष्ट साली मालगाडीतून जळगावला उतरले आणि बैलगाडीत बसून निर्मलकुमार शेठच्या दारात आले. शेठची बायको सज्जनबाई, तिनं मला कुंकू लावलं. मी लगेच तिच्या पदराला काळं बोट लावलं. ओळख झाली.

शाळा माझी अर्धीच. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, उलटे असतात ना, म्हणून मला उलटंच अक्षर वाचता येतं. सरळ छापून बाहेर पडलं की मी ठार अडाणी. खिळे जुळवायचे उखर्डू नानांनी, आणि पाय मारून मला चालवायचं तेही नानांनीच. नाना मूळचे खेड्यातले, बोलणं पक्कं खानदेशी. बोट जरा आत राहिलं की मी दाबायची. "डाकीण शे ही!" असं नाना ओरडायचे, आणि मी खडखड हसायची.

लग्नपत्रिका, सिनेमाची चिठोरी, सावद्याच्या केळीचे भाव, सगळं छापलं. आणि दर शनिवारी शेठचं चार पानांचं साप्ताहिक. बातम्या कुठून यायच्या, सांगू? शेठ सकाळी रेडिओला कान लावून पेन्सिलीनं भराभर लिहून घ्यायचे. एकदा सज्जनबाईनं मध्येच "थे पैली जीमो तो सही!", आधी जेवा तरी, म्हणून ताट आपटलं, तर बातमीतून एक आख्खा मंत्री सुटला.

मग पंच्याहत्तर साल आलं, आणीबाणी लागली. रेडिओचा आवाज तोच, पण शेठ आता लिहिताना दाराकडे बघायचे. छापायच्या आधी सगळा मजकूर सरकारी कचेरीत दाखवायचा, असा हुकूम आला. तिथे एक वऱ्हाडातले साहेब बसायचे. ते खोडतील ते गेलं. भुसावळकडचा एक छापखाना बंद करून मशीनला लाखेची मोहर लावली, असं कानावर आलं. मोहर लागलेली मशीन गंजूनच मरते. मी तेव्हापासून हसणं कमी केलं.

ऑगस्टात कचेरीतून एक सरकारी निवेदन आलं. प्रूफ बघून साहेबांनी लाल पेनानं कडेला लिहिलं, 'पहिल्या पानावर, जाड चौकटीत', आणि खाली सही केली. नानांनी मोठ्यानं वाचलं म्हणून मला कळलं.

आता गंमत ऐक. आमच्याकडे चौकटी दोनच. एक लग्नाची, फुलाफुलांची. दुसरी जाड, काळी, दुःखद निधनाची. नानांनी काही विचारलं नाही, जाड म्हटलं म्हणून जाड लावली. मला दिसत होतं रे. पण मी पडले खोडकर. मी त्या चौकटीवर चांगला जोर दिला, अशी काळीकुळकुळीत उठवली की बस. चारशे प्रती झाल्या. धुळ्याचा गठ्ठा एस.टी.नं गेला, गावातलेही वाटून झाले.

तेव्हा कुठे शेठनं अंक हातात घेतला आणि घामानं भिजले.

"नाना! हे काय केलंत?"

"काय करं? साहेबनी सही शे."

"अहो, ही मयताची चौकट!"

"मंग? दुसरी लगननी, तिले फुलं शेतस. सरकारले फुलं लावू का?"

सज्जनबाईनं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "ते घरात नका आणू हो." कारण आपल्याकडे मयताचं पत्र कोणी घरात घेत नाही. दारातच वाचायचं, तिथेच फाडायचं.

आणि नेमकं तेच झालं. तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या एजंटाचं, रतिलालचं कार्ड आलं. शेठनं मोठ्यानं वाचलं, 'गिऱ्हाईक दारातच चौकट फाडून टाकतात. सरकारी निवेदनाचे तुकडे गल्लीभर पडले आहेत. मी झाडून घेतोय. कळावे.'

त्या दिवशी माझा रूळ अडकला, शेठचा घास अडकला. सज्जनबाईनं पिशवीत दोन धोतरं, टॉवेल आणि पोटदुखीचं चूर्ण भरून ठेवलं, तुरुंगात न्यायला. माझ्या पिशवीत काय भरणार? मी नुसती मोहरेची वाट बघत उभी.

जीप आली. साहेब उतरले, अंक त्यांच्या हातातच होता. त्यांनी पहिलं पान बघितलं, मग शेठकडे बघितलं.

"चौकट जाड आली आहे," ते म्हणाले. "पुढच्या वेळीही हीच."

आणि गेले.

शेठ कागदाच्या रिमावर बसले. "नाना, हा माणूस भोळा आहे की दोर सैल सोडतोय?"

"भोया नही वाटत," नाना म्हणाले. त्यानं सगळे जास्तच घाबरले.

तेव्हापासून दर शनिवारी निवेदन, दर शनिवारी मयताची चौकट. बदलावी तर हुकूम मोडला, छापावी तर गुन्हा. गावाला कळलं होतं. लोक चौकट फाडताना इकडेतिकडे बघायचे, कोणी हसायचं नाही. एकोणीस महिने ती पिशवी खुंटीवर होती. मी त्या चौकटीवर जोर द्यायचं सोडलं, पण ती मेली काळीच उठायची.

मग सत्याहत्तर उजाडलं. मार्चात आणीबाणी उठली. एप्रिलात साहेब पायी आले, डोकं भादरलेलं. नानांपुढे चिठ्ठी ठेवली.

"वडील गेले. ती जाड चौकट घाला."

नानांनी मान वर केली. "साहेब, ती तर..."

"मयताची आहे. ठाऊक आहे, नाना. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग आम्हाला धरलं का नाही?" शेठनं विचारलं.

"धरून काय लिहू? प्रूफवर सही माझी. चौकट बदला म्हटलं असतं, तर आधी चुकली हे कबूल झालं असतं. मलाही दोन मुली आहेत, शेठजी. दर शनिवारी वाटायचं, आज तुम्ही ते प्रूफ माझ्या वरच्यांकडे पाठवणार आणि मी तुरुंगात जाणार. तुमच्या खुंटीवरच्या पिशवीसारखी माझीही पिशवी भरलेली होती."

नानांनी चौकट लावली. मी एकदाही कुरकुरले नाही, हलक्या हातानं छापून दिलं.

आता शेठ साप्ताहिक दुसरीकडे मोठ्या मशीनवर छापून आणतात. मी इथे कोपऱ्यात, अंगावर गोणपाट. भंगारवाला दोनदा वजनाचा अंदाज घेऊन गेला, त्याची नाही भीती वाटत. पण अजून रस्त्यावर जीप थांबली की माझं चाक आवळतं बघ. एक लक्षात ठेव, वरून दरडावणाऱ्यालाही घाम सुटलेला असतो. तेवढं बघून...

थांब. ऐकलंस? गाडी थांबली दारात. केळीवाल्याची असेल, नाहीतर कोणाचीही. तू माझ्याशी बोलताना दिसू नकोस. मागच्या दारानं नीघ. बघत काय बसलास? जा म्हणते ना आता!