डाव्या पायाचं काम

दातांच्या डॉक्टरांनी पन्नाशी उलटल्यावर लाल रंगाची, जमिनीला पोट टेकवून बसणारी गाडी घ्यायचं काढलं, तेव्हा बायकोला आधी हसूच फुटलं. "शिंगं मोडून वासरांत शिरायची हौस आली म्हणायची," असं म्हणत ती शोरूममध्ये सोबत आली.

खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं. गेले काही महिने डॉक्टरांचा डावा पाय परका होत चालला होता. घोट्याखाली काही कळेनासं झालं होतं. चप्पल वाटेत सुटून मागे राहायची आणि यांना पत्ताच नसायचा. थोरल्या भावाचं, दादांचं, नेमकं असंच सुरू झालं होतं. पुढे दादा अंथरुणाला खिळले. त्यांना घास भरवण्यापासून कुशीवर वळवण्यापर्यंत सगळं डॉक्टरांच्या बायकोनेच केलं. दादा गेले तेव्हा ती न्हाणीघराचं दार लावून रडली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आता पुन्हा नाही हो निभणार माझ्याच्याने."

त्या वाक्याने डॉक्टरांचं तोंड कायमचं शिवून टाकलं होतं. ते तपासायला कुणाकडे गेले नाहीत. तपासलं की नाव कळणार, आणि नाव कळलं की घरात तोच पलंग पुन्हा येणार. त्यापेक्षा तरण्याताठ्या पोरांची गाडी घ्यावी आणि झोकात चालवावी, मग कोण कशाला शंका घेतंय? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. यांची काडी लाल रंगाची आणि भलतीच महाग होती.

"मॅन्युअल की ऑटोमॅटिक?" शोरूमच्या माणसाने विचारलं. त्याचा टाय पोटाच्याही खाली उतरला होता.

"मॅन्युअल," डॉक्टर ताडकन म्हणाले. "हातात गिअर नसेल तर ती गाडी कसली? पाळणा झाला तो."

टायवाला शेजारी बसला, बायको मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. डॉक्टरांनी क्लच दाबला. म्हणजे मांडीने जोर लावून पाय खाली ढकलला, आणि तो नेमका कुठे टेकलाय ते बघायला चोरून मान खाली घातली. सपाट रस्त्यावर कसंबसं जमलं. चढावर सिग्नल लागला आणि सुटल्यावर गाडी धक्का खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे सरकू लागली तशी मागच्यांनी हॉर्नचा नुसता गिल्ला केला. डॉक्टरांच्या पाठीला घाम फुटला. देवा, एवढा एक चढ पार होऊ दे, मग काही मागणार नाही, असं ते मनात पुटपुटत होते, आणि ते देव मानत नव्हते.

"क्लच फार कडक दिलाय हो," परत आल्यावर ते म्हणाले.

"नव्या गाडीत होतं असं," टायवाला म्हणाला. "ऑटोमॅटिक तरी एकदा बघा, सर. डाव्या पायाला कामच नाही."

कामच नाही! हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? बायको दार उघडून मागे बसेपर्यंत डॉक्टरांनी पँट धरून डावा पाय उचलला आणि कडेला नीट ठेवून दिला. गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. तोच चढ, तोच सिग्नल. हूं की चूं नाही. पुढे एक मोटरसायकलवाला आडवा आला, तर त्यांनी उजव्या पायाने अलगद वेग कमी केला. कितीतरी दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. या गाडीत वर्षानुवर्षं कुणाला काही कळणार नव्हतं. ते चक्क शीळ घालू लागले.

"हीच घ्यायची," शोरूमसमोर गाडी थांबवत ते म्हणाले. "पाळणा तर पाळणा."

टायवाला खूश झाला. "मानलं तुम्हाला, सर! जन्मभर क्लचवर गेलेली माणसं पहिल्यांदा ऑटोमॅटिकमध्ये बसली की सवयीने डावा पाय मारतातच. तो बसतो ब्रेकवर आणि माझं डोकं जातं काचेला. एकही सुटलेला नाही. तुमचा पाय मात्र तसूभर हलला नाही. जागचा म्हणून हलला नाही!"

डॉक्टर हसले.

मग मागचं दार उघडलं. बायको उतरली, पुढे आली, डॉक्टरांच्या बाजूचं दार उघडून उकिडवी बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचा हात त्यांच्या डाव्या बुटाच्या दिशेने गेला. डॉक्टर समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिले. खाली बघायचा धीर होईना.

"लागतंय?" तिने विचारलं.

"लागणार नाही तर काय! किती जोरात दाबतेस," ते उसन्या हसण्याने म्हणाले.

"अहो," ती म्हणाली, "मी अजून हात लावलाच नाहीये."

मग तिने लावला. दोन्ही हातांनी घोटा घट्ट धरून ती तिथेच फरशीवर बसली. डॉक्टरांनी आता खाली पाहिलं; त्यांना ते नुसतं दिसत होतं.