पाठ केलेली चूक

खोडरबर आज भलत्याच तारांत अडकवलेलं होतं. पांढरं, एका कोपऱ्याला पेन्सिलीने काळवंडलेलं, कुठल्याही शाळकरी कंपासपेटीत सापडेल असलं — पियानोचं झाकण उघडं होतं आणि ती वाकून आत बघत होती, व्हायोलिनची पेटी हातात तशीच, खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं. मागच्या तिन्ही तालमींत ते डावीकडे, जाड तारांत असायचं. तिथली पट्टी दाबली की दारावर कुणी टकटक करावी तसा आवाज यायचा, आणि ती टकटक तीनदा झाली की आपण लांब, खालचा सूर धरायचा... धरायचा? असं कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. काही ठरवायचं नाही, एवढंच तर दोघांत ठरलं होतं.

"सकाळी येऊन जरा हलवाहलव केली," मागून तो म्हणाला. "चालेल ना, ताई?"

"हो, न चालायला काय झालं?" ती म्हणाली.

तो पियानो वाजवायचा, म्हणजे पट्ट्यांपेक्षा तारांशीच त्याचं जास्त जमायचं. तारांत स्क्रू, चमचे, कपड्यांचे चिमटे खोचायचे आणि त्यातून काय निघतं ते कान लावून ऐकायचं. वाद्यवृंदातले सगळे त्याला भंगारवाला म्हणत आणि तोही त्या नावाला खुशाल ओ देई. आणि ती — सव्वीस वर्षं त्याच वाद्यवृंदात, दुसऱ्या व्हायोलिनची रांग, तिसरी खुर्ची. समोर स्टँड, स्टँडवर स्वरलिपीचा कागद, कागदावर जे असेल ते चोख. तिच्याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नव्हती. कौतुकही कुणी केलं नव्हतं, पण तिसऱ्या खुर्चीचं कौतुक करतं कोण? अशा बाईला हा भंगारवाला एक दिवस विचारतो काय, की कागद न ठेवता माझ्याबरोबर वाजवाल का, आणि ती हो म्हणते काय! हात दाखवून अवलक्षण, नवरा म्हणाला होता. वडील, ज्यांनी ती पाच वर्षांची असताना तिच्या हनुवटीखाली व्हायोलिन ठेवलं, त्यांनी फोनवर विचारलं होतं:

"कागदाशिवाय? म्हणजे वाजवणार काय?"

"जे सुचेल ते, अण्णा."

"तुला?"

त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं, खरंच न कळून विचारलं होतं, म्हणूनच ते आजवर टोचत होतं. तू वाजवणारी आहेस, रचणारी नाहीस, हे ते तिला लहानपणापासून प्रेमानेच सांगत आले होते — तुझी उंची मध्यम आहे, असं सांगावं इतक्या सहजपणे. आता एक्क्याऐंशी वर्षांचे अण्णा पाच वाजता कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसणार होते, कारण मागे बसलं तर ऐकू येत नाही. आत्ता तीन वाजले होते.

तिने पेटी उघडली, गज कसला, उगाचच तारा जुळवल्या, त्या जुळलेल्याच होत्या. तो शिडीवर चढून दिव्याचा कोन बदलत होता. त्याला माहीत असेल का?... खाई त्याला खवखवे. माहीत कसं असेल? मोबाइल तर पर्सच्या आत होता, पर्स खुर्चीखाली, आणि पहिल्या तालमीचं रेकॉर्डिंग मी फक्त आठवण म्हणून केलं होतं, अगदी खरं, शप्पथ.

पहिली तालीम तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी झाली होती. चाळीस मिनिटं. त्यातलं तिला फक्त एवढंच आठवत होतं की संपलं तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि तो पियानोवर दोन्ही कोपरं टेकून हसत होता, आणि ती घरी चालत गेली होती, दोन बसथांबे मागे टाकून, उगाच. घरी रेकॉर्डिंग लावलं तर ऐकवेना — वाईट होतं म्हणून नाही. ही कोण बाई वाजवतेय? हिला हे कुणी शिकवलं? पुन्हा हिच्याकडून हे होईल कशावरून? रात्रभर हाच घोर. सकाळी उठून तिने रेघांची वही काढली आणि रेकॉर्डिंग स्वरलिपीत लिहायला घेतलं. चार दिवसांत अकरा पानं झाली. त्याची टकटक, चमच्याची किणकिण, मधले श्वास, सगळं मोजून मापून; आणि मग तिने ते पाठ केलं, जसं आयुष्यभर सगळं पाठ केलं होतं. एके ठिकाणी गज निसटून करकर झाली होती, तीही लिहिली, कारण रेकॉर्डिंगमध्ये होती. ती करकर हुबेहूब यायला तीन दिवस लागले. नवरा तेलाची बुधली घेऊन बाहेर आला होता, बेडरूमच्या दाराच्या बिजागऱ्या वाजतायत म्हणाला.

दुसऱ्या तालमीत तिने अकरा पानं वाजवली. तिसऱ्यातही. पाठांतर चोख झालं होतं. तो मात्र गप्प गप्प होत गेला होता, आणि तिला वाटलं होतं की थकला असेल.

"ताई," शिडीवरून उतरत तो म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"पहिल्या तालमीत तुमचा गज निसटला होता. टकटकीनंतर, आठवतंय? मग पुढच्या तालमीत तो त्याच जागी निसटला. मी म्हटलं, असेल योगायोग." तो खाली बघून तळहाताची धूळ झटकत होता. "तिसऱ्यांदाही तिथेच निसटला. ताई, चूकसुद्धा पाठ केलीत तुम्ही?"

तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हसावं, की रियाजाने हाताला सवय लागते असं काहीतरी शास्त्रीय सांगावं... आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"अकरा पानं आहेत," ती म्हणाली. "घरी."

तो हसला नाही. हसला असता तर सोपं गेलं असतं.

"कुणाची पानं?" त्याने विचारलं.

हा काय प्रश्न? कुणाची म्हणजे... सव्वीस वर्षं प्रत्येक पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात कुणाचं तरी नाव असायचं. ते नाव बघून ती खाली मान घालून वाजवायची. या अकरा पानांवर तिने नाव लिहिलंच नव्हतं. दुसऱ्याच कुणाची आज्ञा असावी तशी ती त्यांच्यापुढे दोन आठवडे मान खाली घालून उभी राहिली होती. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर ते ठरेना.

"म्हणून सगळं हलवलंस?"

"हो. तुमच्याशी बोलायला हवं होतं खरं तर. धीर झाला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटा वाजवीन, लोकांना सांगू तब्येत बरी नाही."

सोय होती. अण्णांनाही तेच सांगता आलं असतं, आणि ते म्हणाले असते, बरं झालं.

"वाजवते," ती म्हणाली, आणि हे आपण का म्हणालो ते तिला मुळीच कळलं नाही.

पाच वाजले. साठ-सत्तर माणसं असतील. अण्णा पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांच्या मध्ये, चष्मा पुसून पुन्हा घातलेला. बघायला काहीच नव्हतं तरी. भंगारवाला पियानोशी बसला आणि त्याने हात मांडीवर ठेवले. पानांप्रमाणे सुरुवात त्याने करायची. तो करत नव्हता. तो तिच्याकडे बघतही नव्हता, नुसता बसला होता, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसा. कुणीतरी खोकलं. तिने गज तारेवर टेकवला. पहिलं पान डोळ्यांसमोर स्वच्छ उभं होतं, अजूनही, टकटक, मग लांब सूर — आणि टकटक येणार नव्हती. अण्णा मान पुढे काढून, कानामागे तळवा धरून वाट बघत होते. त्यांना जसं माहीत नव्हतं तसं मलाही माहीत नव्हतं, या गजाखालून आता काय निघेल... भीती तर होतीच, तसूभर कमी झाली नव्हती. पण गज टेकवून उभी असलेली ही बाई आता काय वाजवते, ते मला ऐकायचं होतं.