किमयाच्या बाबांनी शिवलेला किल्ट

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर उशांच्या अभ्र्यांखाली जो गडद हिरवा गठ्ठा दिसतो, तो मी. मी एक किल्ट आहे, आता जुना झालेला. काही जण मला घागरा म्हणतात. मी रागावत नाही. पुढून सपाट, मागे चुण्याच चुण्या आणि कमरेला पट्टे, असं आमचं स्कॉटलंडचं लोकरी वस्त्र. मी स्वतः मात्र स्कॉटलंड पाहिलेलं नाही. माझा जन्म सिंगापूरचा, तोआ पायोहमधल्या एका फ्लॅटमधला. तिथल्या उकाड्यात लोकर कोण घालतं, असं तुम्हाला वाटेल. शाळेच्या पाइप बँडमधली, म्हणजे बॅगपाइप वाजवणारी मुलं घालतात आणि घामाने निथळतात.

ही गोष्ट १९९४ सालची. तेव्हा मी नुसतं चौकड्यांचं कापड होतो. हिरव्या-निळ्या चौकड्या आणि मधून एक बारीक पिवळी रेघ. किमया नुकतीच बँडमध्ये गेली होती. तिची आई सुचित्राताई मला मिसेस इनिस यांच्याकडून घेऊन आल्या. मिसेस इनिस म्हणजे बुकित तिमाहला राहणाऱ्या एक वृद्ध स्कॉटिश बाई. पूर्वी त्या बँडचे किल्ट हाताने शिवत. आता बोटं वाकडी झाल्यामुळे फक्त शिकवत. सुचित्राताईंनी त्यांच्यासमोर बसून माझी पहिली चुणी घातली, तिला टाचणी लावली आणि उरलेलं काम घरी करायचं ठरवलं. त्याच आठवड्यात त्यांना ताप आला. तो उतरलाच नाही.

किमयाचे बाबा मनोहरराव मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. बातमी कळली तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. ते घरी पोहोचले, तोवर सुचित्राताईंच्या भावाने मंडाईच्या स्मशानभूमीत अग्नी दिला होता. नातेवाईक परतीच्या तयारीत होते. मनोहररावांनी बूट काढले, हातपाय धुतले आणि ते खुर्चीत बसले. रडले नाहीत. पुढेही नाही. दूध आणायचे, भात लावायचे, किमयाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसायचे.

पुण्याहून त्यांच्या बहिणीचा, नीताचा फोन आला. "दादा, तू जहाजावर गेलास की पोरीला कोण बघणार? तिला माझ्याकडे पाठव."

"बरं," मनोहरराव म्हणाले. बाजारातून काय आणू, असं कुणी विचारल्यावर म्हणावं, तसं.

किमयाची बॅग भरताना मी त्यांच्या हाती लागलो. किमयाने मला ओळखलं.

"आई शिवणार होती," ती म्हणाली. "नो नीड लाह, नकोच ते, बाबा. मी तसंही बँड सोडणार ना."

दुसऱ्या दिवशी ते मला परत करायला मिसेस इनिस यांच्याकडे गेले. बाईंनी मला टेबलावर पसरलं आणि त्या एका चुणीवर वाकडं बोट ठेवलं.

"हे मी परत घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्नीने सुरुवात केली आहे. मी सांगते, तुम्ही शिवा."

"मला शिवण येत नाही."

"तिलाही येत नव्हतं."

मनोहरराव नको म्हणाले नाहीत. तेव्हा ते कशालाच नको म्हणत नव्हते. बाईंनी सुई ओवून हातात दिली, ती त्यांनी घेतली.

मित्रांनो, माझ्यासारखं वस्त्र शिवणं सोपं नसतं. चुणी खाली रुंद आणि कमरेशी निमुळती असावी लागते, आणि बाहेरच्या बाजूला टाका दिसता कामा नये. मनोहरराव प्रत्येक चुणी स्टीलच्या पट्टीने मोजत. आकडे अगदी बरोबर यायचे. पण निम्मं काम झाल्यावर मला उलटं करून पाहिलं, तर पिवळी रेघ कुठे वर, कुठे खाली. बाईंनी मान हलवली.

"पट्टी बाजूला ठेवा. रेघेला रेघ जुळवा. तिने जुळवली आहे, ती बघा. बाकीचं उसवा."

त्या संध्याकाळी घरी ते मला उसवत बसले. सुचित्राताईंची चुणी तेवढी ठेवली. मी त्यांच्या मांडीवरून सारखा घसरत होतो, म्हणून किमया समोर येऊन बसली आणि तिने माझं दुसरं टोक धरलं.

"बाबा, तुम्ही रडत का नाही?"

त्यांनी एक टाका कापला, दोरा ओढून काढला. "माहीत नाही गं. काही वाटतच नाही. जेवतो, पण चव कळत नाही. हे शिवताना कुठे चुकलं, तेवढं मात्र कळतं."

"मलाही रडू येत नाही," किमया म्हणाली. "स्कूलच्या टॉयलेटमध्ये ट्राय केलं मी. आलंच नाही."

 त्यांनी दुसरी सुई ओवली आणि तिच्या हातात दिली. कच्चे टाके कसे घालायचे ते दाखवलं. त्यानंतर रोज ते दोघं मला मध्ये घेऊन बसू लागले. बोलणं फारसं नसायचं. रेघ जुळली की किमया "ओके" म्हणायची, एवढंच.

शेवटी पट्टे आणि बकलं लागली, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरली आणि मी पुरा झालो. किमयाने मला नेसून पाहिलं. मनोहरराव गुडघ्यांवर बसून बकल लावत होते.

"टाइट आहे," ती म्हणाली. "मी अजून मोठी झाले की?"

"बकलं पुढे सरकवायची."

"पुण्यात कोण सरकवणार? आत्याला हे येत नाही."

मनोहररावांचा हात पट्ट्यावरच थांबला.  मग त्यांनी बकल लावलं.

"मी सरकवीन," ते म्हणाले. "इथेच."

किमया मान खाली घालून माझ्या चुण्या चाचपत राहिली. संध्याकाळी त्यांनी नीताला फोन केला. पुढे त्यांनी बंदरातच, किनाऱ्यावरची नोकरी धरली.

शाळेच्या मैदानावर बँड वाजला, तेव्हा माझं पुष्कळ कौतुक झालं. मिसेस इनिस यांनी चष्मा लावून माझी मागची बाजू तपासली आणि म्हणाल्या, "दोन चुण्या वाकड्या आहेत. राहू द्या." मनोहरराव हसले नाहीत की रडले नाहीत. पण त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, त्यांनी नूडल्सचा घास घेतला आणि म्हणाले, "फार तिखट आहे गं." किमया त्यांच्याकडे बघतच राहिली.

माझी बकलं तीनदा सरकली. मग मात्र सरकवायला जागा उरली नाही आणि मी या फळीवर आलो. आता कुणाला माझी फारशी आठवण येत नाही. माझ्या एका कोपऱ्याला कसरीने भोक पाडलं आहे.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातही हाताने शिवलेलं असं काही पडून असेल. वर्षातून एकदा ते बाहेर काढा, उलगडा, झटका, वारा लागू द्या. लोकर गप्प पडून राहिली की तिला कसर लागते. माणसांचंही तसंच होत असावं. पण मी पडलो कापड, ते तुम्हालाच जास्त ठाऊक.