बिनपायांचा टब

लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. भिंतीला लागून प्लास्टिकचे टब, टबांमागे खुर्च्या आणि खुर्च्यांवर गुडघ्यापर्यंत कपडे सरसावून बसलेली माणसं. पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ प्रत्येक टबात कोमट पाणी, मूठभर मीठ आणि वायर लावलेली एक जाळीची डबी सोडायचा आणि बटण दाबायचा. बघता बघता स्वच्छ पाणी पिवळं व्हायचं, मग तांबूस, मग गढूळ तपकिरी. वर फेस यायचा. बघणारे तोंडात बोट घालायचे.

"बघा, अंगातलं विष! वर्षानुवर्षं साठलेलं!" कोटवाला ओरडायचा. "तांबूस म्हणजे सांधे, काळपट म्हणजे यकृत आणि फेस म्हणजे काळजी!"

काळजीचा फेस होतो हे, मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही, मला तोवर ठाऊक नव्हतं. लोक त्याला पायवाले डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्याला खोटं बोलायची वेळही आली नव्हती.

शेवटच्या टबापाशी एक टेलर बसायचे. आमच्या शाळेतल्या एका सातवीच्या मुलीचे बाबा. त्यांना साखरेचा आजार होता, तळपायांना सतत मुंग्या यायच्या. "विष निघतंय तोवर गोळ्या कशाला?" असं पायवाल्यानं सांगितलं आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. घरात दोघंच होती, बाप आणि लेक. आई वारली होती. मुलगी गोळ्यांची न फोडलेली पाकिटं रोज बघत होती आणि रोज घाबरत होती.

वर्गात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणायचे. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं तेव्हा ती माझ्याकडे आली.

"बाई, मला प्रकल्प बदलायचाय. पायाच्या टबावर करायचाय."

"तुझी मैत्रीण होती ना जोडीला?"

"तिची आई पायवाल्यांकडे पावत्या फाडते. ती ज्वालामुखीच्या गटात गेली. आता माझ्याशी बोलतही नाही."

"म्हणजे तू एकटी?"

"हो." तिनं खांदे उडवले, पण डोळे भरले होते. "प्रश्न लिहिलाय. पाणी कशामुळे रंगतं? उत्तर, लबाडीमुळे."

"उत्तर आधी लिहायचं नसतं बाळा. आणि तुलना कशाशी करणार?"

तिनं लिहिलेलं उत्तर खोडलं. "पाय न घातलेल्या टबाशी."

एवढी शहाणीसुरती माणसं तिथे जात होती, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं. खरं सांगते, मलाही नाही.

मी तिला बजावलं की फक्त बॅटरी वापरायची, घरातल्या विजेला हात लावायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची. तिनं स्वयंपाकघरात दोन वाडग्यांत मीठपाणी घेतलं, दोन्हींत लोखंडी खिळे सोडले आणि एकालाच बॅटरी जोडली. पाय कुणाचेच नव्हते. तरी बॅटरीचं पाणी तपकिरी झालं, दुसरं स्वच्छ राहिलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"बाबा, या ना, बघा ना."

बाबांनी शिवणयंत्रावरून मानही वर केली नाही. "ते खिळ्यांचं पाणी. माझे पाय वेगळे. तुला काय कळतंय त्यातलं?"

त्या दिवशी दोघं एकमेकांशी न बोलता जेवली. हे तिनं मला थर्मामीटर वाचावा तसं सांगितलं.

रविवारी मी तिच्याबरोबर हॉलमध्ये गेले. ती सरळ कोटापुढे उभी राहिली. "काका, एक टब रिकामा चालवून दाखवाल? शाळेच्या प्रकल्पासाठी हवंय."

तो गोड हसला. "रिकामं चालवलं तर ऊर्जा उलटते बाळ, यंत्र जळतं. का गं, तुझ्या बाबांचे पाय बरे व्हावेत असं तुला वाटत नाही का?"

सगळा हॉल तिच्याकडे वळून बघायला लागला. ती लाल झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून आवाज आला.

"माझा टब भरलाय ना? दाबा बटण."

"काका, आधी पाय आत घ्या," कोटवाला म्हणाला.

"पाय राहू देत." टेलरनी दोन्ही पाय कोरड्या फरशीवर टेकवले होते. "दाबा म्हणतो ना."

कोटवाला हलेना. तेव्हा त्यांनी वाकून स्वतःच बटण दाबलं.

पाणी पिवळं झालं. मग तांबूस. मग तपकिरी. फेसही आला, काळजी कुणाची होती ते त्या कोटालाच ठाऊक.

"डबीत लोखंडाच्या पट्ट्या आहेत," मुलगी हळू आवाजात सांगायला लागली. "मीठपाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं. हा रंग त्याच्या गंजाचा. विजेनं पाण्यातून वायू सुटतो, त्याचा फेस. मीठ कमीजास्त झालं की रंगही फिका-गडद होतो. पायांचा काही संबंध नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, "आम्हाला बरं वाटत होतं ना, मग हिचं काय बिघडलं?" पावत्या फाडणारी बाई तिच्याकडे बघून म्हणाली, "झालं समाधान?" लोक पाय पुसून निघून गेले. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं.

कोपऱ्यापर्यंत मी बापलेकीबरोबर चालत गेले.

"मला थोडं कळत होतं गं," बाबा म्हणाले. "पण तिथे कुणीतरी पाय हातात घ्यायचं. कसे आहात, विचारायचं. तुझी आई गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारते की रोज."

"तू 'गोळी घेतली का' विचारतेस."

चालता चालता तिनं त्यांचं बोट धरलं.

गोळ्या सुरू झाल्या. मैत्रीण परत आली नाही. प्रदर्शनात तिच्या टेबलापाशी पालक फारसे थांबले नाहीत. ज्वालामुखीला गर्दी होती. तिच्या शोधनिबंधात पद्धत होती, तक्ता होता, निष्कर्ष होता. शेवटी 'प्रयोगाच्या मर्यादा' या मथळ्याखाली तिनं लिहिलं होतं: 'लोक तिथे का जात होते, हे या प्रयोगात मोजलेलं नाही.'

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी चमत्कार दाखवला तर म्हणा, तो ज्याच्यामुळे होतो म्हणता, ते बाजूला काढून दाखवा. तो चिडेल, शेजारी नाकं मुरडतील, तरीही म्हणा. आणि घरी गेल्यावर आपल्या माणसाजवळ जरा बसा, कसा आहेस म्हणून विचारा. ते आपण विचारलं नाही, म्हणूनच पायवाल्याच्या खुर्च्या भरल्या.