गेरार्दचा चौकोन

माझ्या चौथ्या गोलाची कड उजव्या बाजूला केसाइतकी झिजली आहे. त्याच मापाच्या चौकोनाच्या कडा मात्र अजून नव्यासारख्या धारदार आहेत. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. पेन्सिल फिरवणाऱ्या बोटांना तेवढा कळतो.

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. हिरवट प्लास्टिकची, वीतभर लांब, अंगभर गोल आणि चौकोनी छिद्रे असलेली. छिद्रात पेन्सिलीचे टोक घालून फिरवले की कागदावर नेटका आकार उमटतो. माझी पहिली नोकरी पोलंडच्या सिलेसिया भागातल्या एका कोळशाच्या खाणीत, नकाशे काढणाऱ्या एवाल्डच्या टेबलावर होती. गोल म्हणजे खाणीत उतरायची विहीर, चौकोन म्हणजे छत तोलायला ठेवलेला कोळशाचा खांब. एवाल्ड रोज संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसायचा. तो सहकाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "जुना बोगदा नकाशात घ्यायचा कंटाळा करू नका. तो राहिला, की त्यात साठलेलं पाणी नव्या माणसांच्या अंगावर येतं."

खाण बंद झाली तेव्हा त्याने मला आपल्या मुलीला दिले. मेलानिया तेव्हा नुकतीच डॉक्टर झाली होती. घराण्यात उतरणाऱ्या आजारांचा तिचा अभ्यास होता. तिच्या हाताखाली माझे आकार तेच राहिले, अर्थ बदलले. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. रेघांनी आईबाप, भावंडे, मुले जोडायची. ज्याला कर्करोग झाला, त्याचा आकार काळा भरायचा. एका कागदावर चार पिढ्या उभ्या राहायच्या. पाहणारे म्हणायचे, "मेलानिया, तुझ्यासारखे कुलवृक्ष कोणी काढत नाही." मला वाटायचे, थोडे श्रेय माझेही आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. स्तनाच्या कर्करोगासाठी आलेल्या बायका आईकडचे सगळे सांगायच्या: आजी, मावशी, मावसबहीण. बापाकडची बाजू विचारली, की म्हणायच्या, "तिकडचं काही माहीत नाही, आणि त्याचा इथे काय संबंध?" म्हणून माझे गोल झिजले आणि चौकोन कोरे राहिले.

मग संगणक आला. तो कुलवृक्ष क्षणात काढतो, चुकलेला गोल पुसतो, खाडाखोड दिसू देत नाही. माझी रवानगी खणात झाली. कधी पाकिटे फोडायला, कधी खिडकी वाजू नये म्हणून फटीत अडकवायला मला काढत. मी तक्रार करत नाही. तिथून वारा चांगला लागायचा, आणि खोलीतले सगळे ऐकू यायचे.

त्या खिडकीतूनच मी साबिनाला पाहिले. ती ट्रॅम चालवते. गणवेशातच आली होती आणि बसल्या बसल्या एका दमात बोलू लागली.

"आईकडच्या सगळ्या ठणठणीत आहेत. बाबांच्या दोन्ही बहिणी मात्र गेल्या. हिल्डा आत्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ट्रूडा आत्या चव्वेचाळिसाव्या. दोघींना स्तनाचा कर्करोग. त्यांची आई बीजांडकोशाच्या कर्करोगानं गेली, बावन्नाव्या वर्षी."

"तुमचं वय?" मेलानियाने विचारले.

"सदतीस. हिल्डा आत्याला गाठायला दोन वर्षं राहिली." ती हसली, पण हात टोपीची कड चुरगाळत होते.

"तुम्ही आत्यांना गाठणार की नाही, ते तपासूनच बोलू. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बाबांची. बाबांच्या एका प्रतीत बिघाड असेल, तर तीच तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. आणि आली तरी आजार झालाच असं नाही. धोका बराच वाढतो, एवढंच. तो कळला तर दर वर्षी नीट तपासता येतं, आधीच उपाय करता येतात."

"मग घ्या माझं रक्त."

"घेता येईल. पण त्यात काही सापडलं नाही, तर बिघाड तुमच्याकडे आलाच नाही, की तो आमच्या तपासणीला दिसतच नाही, हे मला सांगता येणार नाही. आत्या असत्या तर आधी त्यांचं घेतलं असतं. आता बाबांचं घेऊ. त्यांच्यात नेमका बिघाड सापडला, की तुमच्यात तोच शोधायचा. मग 'नाही' म्हणजे खरंच नाही."

साबिनाने मान मागे टाकली. "दोन वर्षं मागे लागलेय त्यांच्या. आधी म्हणाले, कबुतरांच्या शर्यती चालू आहेत. मग म्हणाले, पिल्लं लहान आहेत. मग थंडी. आता म्हणतात, मी दवाखान्यात आलो तर दाणे कोण घालणार? आईला ते खुराड्याच्या दारातसुद्धा उभं करत नाहीत."

मेलानियाने थोडा विचार केला. मग उठून मला खिडकीच्या फटीतून ओढले आणि बाहीने पुसले. "संगणक काही घरी देता येत नाही. ही न्या. त्यांच्याबरोबर बसून कुलवृक्ष काढा. पण परत आणा हं, माझ्या वडिलांची आहे."

रविवारी जेवणानंतर मी खुराड्यात पोचले. मित्रांनो, गेरार्दचे ते खुराडे एवाल्डच्या टेबलापेक्षा स्वच्छ होते. निवृत्त खाणकामगार गेरार्द एका पेटीवर बसून जाड वहीत काहीतरी लिहीत होता. त्याची बायको उर्शुला खसखशीच्या केकची ताटली घेऊन बरोबर उंबऱ्याबाहेर उभी होती.

"पट्टी?" गेरार्द म्हणाला. "शाळेत नाव घातलंस की काय?"

"तुमचं घालायचंय, बाबा. वेळ आहे ना?"

"नाही. सत्तेचाळीस नंबरच्या कबुतराची वंशावळ लिहितोय. ते विकत घ्यायला माणूस येणार आहे." त्याने वही पुढे केली. पानावर रेघांनी जोडलेली नावे होती, नर डावीकडे, माद्या उजवीकडे. "हा नर बघ. स्वतः एकही शर्यत जिंकला नाही. पण ह्याच्या पोरी बघ, बाणासारख्या येतात. आई त्यांची अगदी साधी. सगळं बापाकडून आलंय."

साबिनाचे बोट त्या नरावर थांबले. "स्वतःत दिसलं नाही, पण पोरींत उतरलं?"

"त्यात काय नवल? ह्याच्या बहिणी बघ ना, एकसे एक..." आणि तो थबकला.

उर्शुला उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "म्हणजे कबुतरांना बाप असतो. माझ्या पोरीलाच तेवढा नाही."

साबिनाने माझ्या झिजलेल्या गोलातून तीन गोल काढले आणि काळे भरले: आजी, हिल्डा, ट्रूडा. मग खाली एक कोरा गोल काढला, स्वतःचा. मध्ये जागा रिकामी राहिली.

गेरार्द त्या जागेकडे बराच वेळ पाहत होता. "म्हणजे मीच दिलं असेल तुला," तो हळूच म्हणाला. दोन वर्षांच्या सगळ्या कारणांमागे हे एकच वाक्य दडले होते.

"हे नाकही तुम्हीच दिलंय," साबिना म्हणाली. "त्यावरून कधी भांडले का मी?"

"नाकाला काय झालंय?" असे म्हणत त्याने स्वतःचे नाक चाचपले. उर्शुला हसली, मग साबिना, आणि शेवटी तोही.

मग त्याने पेन्सिल मागितली. दाण्यांची पांढरी धूळ लागलेल्या बोटांनी मला घट्ट धरले आणि माझ्या कोऱ्या चौकोनातून पेन्सिल फिरवली, इतकी दाबून, की माझी कड करकरली.

"आत काय लिहायचं?"

"अजून माहीत नाही, बाबा. प्रश्नचिन्ह."

मित्रांनो, मी एक साधी पट्टी. मला पुसून ठेवलेत, उन्हात वाकू दिले नाहीत, तर मी तुमच्याही उपयोगी पडेन. पण मी हाताशी नसले तरी घरच्या मोठ्यांना विचारून ठेवा: कोणाला काय झाले होते, आणि तेव्हा त्यांचे वय किती होते. आईकडचे विचारा, आणि बाबांकडचेही. एवाल्डचा जुना बोगदा विसरू नका.

गेरार्दने चौकोनात प्रश्नचिन्ह काढले, कागद लांब धरला आणि मान हलवली. "वंशावळीत असलं चिन्ह बरं दिसत नाही." त्याने वही मिटली. खिशातून दाण्याच्या कोठीची किल्ली काढून उर्शुलापुढे धरली आणि मुलीकडे वळून म्हणाला,

"उद्या सकाळी दाणे तुझी आई घालेल. मी तुझ्याबरोबर रक्त द्यायला येतोय."