डाव्या बाजूची शिट्टी

मावशीने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लोकांचे फोन लोकांना जोडून द्यायचे आणि आपण गप्प राहायचं, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली, तर एक रेकॉर्ड प्लेयर, एक ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घरी आणले. "जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं. आता मला हवं ते ऐकणार," असं तिने मला बजावलं. मी तिची भाची. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्यापासून तिच्याकडेच राहते.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. रेकॉर्डवर सुई ठेवली, गाणं सुरू झालं, पण त्याच्या मागे सतत घुंऽऽ असा आवाज. फ्रिज गरोदर राहिल्यासारखा, असं मावशी म्हणाली. गाणं थांबलं तरी घुंऽऽ चालूच. मी वायरी काढून पुन्हा घातल्या, प्लग बदलून पाहिले. काही फरक नाही.

शेवटी दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, खिशाला तीन स्क्रूड्रायव्हर. बोलणं मोजकं, आणि ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. टीव्हीचाही आवाज मोठ्या स्पीकरमधून यावा म्हणून आम्ही त्याची वायर ॲम्प्लिफायरला जोडली होती, नुसती तीच उपटली. घुंऽऽ गायब.

"अगंबाई!" मावशी म्हणाली. "टीव्हीचं काय नडलं होतं?"

"टीव्हीची चॅनलची केबल बाहेरून येते, ती स्वतःचं अर्थिंग घेऊन येते. ॲम्प्लिफायरचं अर्थिंग तुमच्या भिंतीतलं. दोघांचं आपसांत पटत नाही, त्यांच्या धुसफुशीचा आवाज तुम्हाला ऐकू येतो. मध्ये एक डबी बसवू."

डबी काडेपेटीपेक्षा जराशी मोठी होती. एका बाजूला लाल-पांढरी भोकं, दुसऱ्या बाजूला तशीच. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. टीव्हीचा आवाज एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, पण इकडची तार तिकडच्या तारेला कुठेही टेकत नाही. त्यांनी ती टीव्ही आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडली. टीव्ही चालला, गाणं चाललं, घुंऽऽ आलं नाही. मावशीने त्यांना चहा दिला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'डबीवाले' पडलं.

आठ दिवस बरे गेले. मग एका सकाळी मावशी म्हणाली, "एक आवाज गेला, तर त्याच्याखाली दुसरा होताच बघ. बारीक शिट्टी. डाव्या स्पीकरमधून."

मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. तसं तिला म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू मीच ती शिट्टी वाजवतेय.

डबीवाले परत आले. त्यांनी रेकॉर्ड प्लेयरची वायर बदलून जाड जाळीची घातली. शिट्टी तशीच. पुढच्या खेपेला प्लगपाशी विजेतली खरखर गाळणारी पट्टी लावली, तिसऱ्या खेपेला वायरींवर काळ्या मण्यांसारखे चुंबकी गोळे चढवले. ॲम्प्लिफायरच्या मागचा भाग नव्या नवरीसारखा दागिन्यांनी भरला. दर वेळी मावशी खुर्चीत बसायची, मान किंचित कलती करायची आणि म्हणायची, "आहे."

"ताई, मला नाही येत ऐकू," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

"तुम्हाला येत नसेल. मी एकतीस वर्षं लाइनवरची खरखर ऐकून कुठल्या गावची तार लोंबतेय ते सांगत होते."

यात खोटं काही नव्हतं. तिचा कान एक्स्चेंजमध्ये प्रसिद्ध होता. म्हणून तर डबीवालेही तिला सरळ 'नाही' म्हणेनात. त्यांनी जरा विचार केला आणि ॲम्प्लिफायरच्या मागे जाऊन डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली.

"आता दोष असलाच, तर तो उजवीकडून ऐकू यायला हवा," ते म्हणाले.

मावशीने डोळे मिटले. "डावीकडेच आहे."

त्यांनी मला हाताशी घेतलं. आम्ही दोघांनी ते जड स्पीकर उचलून जागा बदलली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.

"डावीकडेच."

डबीवाल्यांनी हात झटकले. मग म्हणाले, "ताई, जरा खुर्ची फिरवून बसता? स्पीकरकडे पाठ करून?"

मावशी उठली, खुर्ची फिरवली, खिडकीकडे तोंड करून बसली. आता खोलीची डावी बाजू तिच्या उजव्या हाताला आली होती. डबीवाल्यांनी विचारलं, "कुठून येतोय आवाज?"

मावशीने हात उचलला आणि डाव्या कानाकडे बोट नेलं. बोट अर्ध्यावरच थांबलं. त्या बाजूला आता दुसरा स्पीकर होता, हे तिच्या लक्षात आलं. मलाही आलं. डबीवाल्यांनी हळूच ॲम्प्लिफायर बंद केला.

"अजून आहे?"

"आहे," मावशी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुमचं काम झालं. या आता."

ते निघून गेले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. मावशी मात्र उठली, बेडरूममध्ये गेली आणि तिने दार लावून घेतलं. नंतर दार ढकलून पाहिलं तर ती कपाटात डोकं घालून उभी होती. गाद्या-चादरींच्या कपाटात. तिथे तरी शांत असतं का, हे बघत होती.

"नाही गं," ती म्हणाली. "इथेही आलीय माझ्याबरोबर."

मी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बंद खोलीत बसवून त्यांनी तिला बारीक-मोठे आवाज ऐकवले आणि आलेख काढला. उजव्या कानाची रेघ वयाच्या मानाने ठीक होती. डाव्या कानाची रेघ सरळ चालता चालता एका ठिकाणी खड्ड्यात पडली होती.

"हेडफोन कुठल्या कानाला लावायचात?" बाईंनी विचारलं.

"डाव्या. उजव्या हाताने नोंदी लिहायच्या असायच्या, वायर आड यायची."

"लाइनवर अचानक मोठे कडकडाट व्हायचे?"

"वीज चमकली की व्हायचेच. आम्ही शिव्या घालायचो आणि पुढचा कॉल घ्यायचो."

बाईंनी समजावलं, की जिथे ऐकणं कमी झालंय, तिथे मेंदू स्वतःचा आवाज भरतो. जाणार नाही, पण त्रास कमी करता येतो. अगदी शांत खोलीत बसू नका, मागे कुठला तरी हलका आवाज असू द्या.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मध्ये एखादी डबी बसत नाही का?"

बाई हसल्या नाहीत. "नाही बसत," असं म्हणाल्या. मला त्या तेवढ्यासाठी आवडल्या.

घरी येताना मावशीने आलेख घडी करून पर्समध्ये टाकला. मला वाटलं, आता ती रेकॉर्ड प्लेयरवर कापड टाकणार. तिने घरात पाय ठेवल्याबरोबर फोन उचलला. एक्स्चेंजमधल्या बायका एकमेकींना खुर्चीच्या नंबराने हाक मारायच्या. मावशी चौदा नंबर.

"सात, मी चौदा बोलतेय. एक विचारू? तुझ्या डाव्या कानात काही वाजतं का?"

पलीकडून आधी "तुला कसं कळलं?" असं आलं. मग इतकं बोलणं आलं, की मावशी उभी होती ती खाली बसली.

रविवारी दुपारी सात नंबर आणि अकरा नंबर आमच्याकडे आल्या. सात बारीक, शांत; अकरा ऐसपैस आणि मोठ्या आवाजाची. मावशीने डबीवाल्यांनाही बोलावलं होतं. "तुम्हीच शोधून काढलंत, तर पुढचंही बघा," असं फोनवर सांगितलं होतं. ते जरा बिचकतच आले. त्यांनी मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडला आणि त्यातून एकच एक सूर वाजवायला लागले, खालून वर, हळूहळू.

"माझ्याशी जुळला की सांगते," मावशी म्हणाली. तिचा सूर सहा हजार हर्ट्झच्या आसपास सापडला. अकरा नंबरचा तिच्याहून वर, तो मला तर सुईसारखा टोचला.

"माझी शिट्टी तुझ्याहून वरच्या दर्जाची आहे बरं का चौदा," अकरा म्हणाली. "बढतीही मलाच आधी मिळाली होती."

तिघी खळखळून हसल्या. सातचा सूर चार हजारांच्या जरा वर निघाला. तो लागला तशी ती हसायची थांबली. "हाच," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. यांना सांगितलं तर म्हणतात, तुला बसून बसून सुचतं काहीतरी. मग मी सांगायचंच सोडून दिलं."

"लाव फोन त्यांना, ऐकव," अकरा उसळली.

"फोनवरून एवढा बारीक सूर पलीकडे जात नाही," मावशी आणि डबीवाले एकदमच म्हणाले.

जायची गरजही नव्हती. पाच वाजता सातचे यजमान तिला न्यायला आले. सभ्य, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. मावशीने त्यांना खुर्ची दिली. "पाच मिनिटं बसा. एक ऐकवायचंय."

डबीवाल्यांनी सातचा सूर लावला. फार मोठा नाही, बोलणं ऐकू येईल एवढाच. यजमान बसले, आमच्याकडे बघून हसले, कसला सूर आहे म्हणून विचारलं. मावशीने नुसती 'ऐका' अशी खूण केली. त्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली, खिडकीकडे बघितलं, मान झटकली. एक मिनिटही झालं नसेल.

"बंद करा ना तेवढं."

"मला नाही करता येत," सात म्हणाली.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते डबीवाल्यांकडे बघत होते, मग बायकोकडे बघायला लागले. "हे असं? सारखं?"

"सारखं."

डबीवाल्यांचा हात बटनाकडे गेला. यजमानांनीच त्यांना थांबवलं. "राहू द्या जरा," ते म्हणाले आणि आणखी दोन मिनिटं ते तसेच बसून राहिले. किल्ली त्यांनी टीपॉयवर ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः सातला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. अकराही गेली, तिला श्रवणयंत्र लागलं, आणि तिचा आवाज निम्म्यावर आला, याचा आनंद तिच्या घरी तिच्यापेक्षा इतरांना जास्त झाला. मावशीने जुन्या हजेरीपटावरून आठवून बाकीच्या नंबरांना फोन केले. बावीसपैकी नऊजणींच्या कानात काही ना काही वाजत होतं. त्यातल्या सहाजणींनी कुणाकडे कधी चकार शब्द काढला नव्हता.

मावशीची शिट्टी गेलेली नाही. आता ती सकाळी रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवते आणि दिवसभर काहीतरी हलक्या आवाजात लावून ठेवते. काही दिवस तिला आठवतही नाही. काही दिवस फार त्रास होतो, त्या दिवशी ती नंबर फिरवते आणि पलीकडून कुणी उचललं की आधी एवढंच विचारते, "आज तुझी काय म्हणतेय?"