रत्नव्वाचं गाणं, दुसरीचं हसू

गडहिंग्लजच्या रत्नव्वानं ‘बांगडी बोलंना’ हे गाणं शहाण्णव साली कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत गायलं. चाल तिच्या नवऱ्याची, शंकरप्पाची. पेटीवरही तोच. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं ते गाणं होतं. ‘बोलंना’ म्हणताना रत्नव्वा आवाज घशातच अडवायची, क्षणभर सगळं गप्प व्हायचं, आणि मग ओळ अलगद खाली उतरायची.

“वैनी, तिथं टेप अडकल्यागत वाटतंय,” कॅसेट काढणारा बाळासो म्हणाला होता.

शंकरप्पानं ऐकलं नाही. लोकांना नेमकं तेच अडकणं आवडलं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांवर, स्टँडच्या टपऱ्यांवर, पार निपाणीपर्यंत ते गाणं वाजलं.

सहा वर्षांनी बाळासोनं त्या गाण्याचे हक्क मुंबईच्या एका बड्या कंपनीला दिले. रत्नव्वाला वाटलं, आता आपल्याला बोलावणं येणार. ती त्याच्या दुकानात जाऊन विचारून आली.

“त्यास्नी चाल पायजे हुती,” बाळासो नजर चुकवत म्हणाला. “आवाज जाड हाय म्हणालं.”

गाणं हिंदीत निघालं. गाणारी पोरगी नवी होती. रत्नव्वा जिथं थांबायची, तिथं ती खुदकन हसायची. त्या हसण्यावर टीव्हीत दहा पोरी कमरेवर हात ठेवून वळायच्या. बघता बघता ते देशभर गाजलं. पंजाबातल्या लग्नात वाजलं, चेन्नईच्या हॉटेलात वाजलं, आणि फिरून कोल्हापुरातही आलं.

त्या वर्षी गणपतीत एका मंडळानं रत्नव्वाचा कार्यक्रम ठेवला. तिनं आपल्या पद्धतीनं गाणं सुरू केलं. ‘बोलंना’पाशी ती थांबली आणि गर्दीतून कोणीतरी हसून दाखवलं. मग सगळेच हसले. पुढच्या ओळीत बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, “टीव्हीतल्या गाण्याची नक्कल करत्यात. पर जमंना झालंय.”

मंडळाचा प्रभुलिंग स्टेजवर आला. “वैनी, राग नगा मानू. टीव्हीतल्यागत म्हणा की. पोरं नाचायला खोळंबल्यात.”

“हे गाणं माझंच हाय,” रत्नव्वा म्हणाली.

“आसंल की. पर मूळ गाण्यासारखं म्हणा.”

तिनं माइक खाली ठेवला. प्रभुलिंगनं सीडी लावायला सांगितलं.

त्यानंतर कार्यक्रम कमी होत गेले. दोघांकडे नवी गाणी तयार होती. शंकरप्पानं तीन वर्षं घालवून बसवलेली. ती घेऊन दोघं बाळासोकडे गेले. त्यानं दोन गाणी ऐकली आणि पेटीच्या भात्यावर हात ठेवला.

“चांगली हायत. पर खपायची न्हाईत. ‘बांगडी’चा दुसरा भाग करूया. त्यात चार ठिकाणी हसू टाका.”

“साकु,” शंकरप्पा कानडीत म्हणाला. बस झालं. त्यानं पेटी मिटली आणि तो जिना उतरला.

रत्नव्वा खुर्चीतून उठली नाही. तिचं वय चाळिशीकडं झुकलं होतं. आज परत गेलो तर पुन्हा कोणी गायला बोलावणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

“कवा रेकॉर्डिंग?” तिनं विचारलं.

बाळासोनं कीबोर्डवाला आणला. हसणं रत्नव्वाला साधेना. पहिल्यांदा खोकल्यासारखं आलं, मग रडल्यासारखं. काचेपलीकडून बाळासो ‘अजून एकदा’ची खूण करत राहिला. शेवटी ती एवढी चिडली, की स्वतःच्याच अवस्थेवर फसकन हसली.

“हेच,” बाळासो म्हणाला. “झकास.”

सीडी चांगली खपली. कव्हरवर छापलं होतं, ‘गाजलेल्या हिंदी गाण्याच्या धर्तीवर’. रत्नव्वाला पुन्हा मुरगूडपासून बेळगावपर्यंत बोलावणी येऊ लागली. शंकरप्पा तिला स्टँडवर सोडायला यायचा, बॅग वर चढवून द्यायचा, खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचा. कोणतं गाणं म्हणणार, हे त्यानं कधी विचारलं नाही. गाडी हलली की ती मागं वळून बघायची. तोवर तो घराच्या दिशेनं चालू लागलेला असायचा.